सव्विसाव्या वस्तीची वाट

मी टेंपोतला मोबाईल बोलतोय. दचकू नका आणि तुमचा खिसाही चाचपू नका. वाजत नाहीये मी, खरोखरच बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडं पोचवलं. आता आज-उद्या माझी रवानगी टेबलाच्या खणात व्हायची आहे, तेव्हा म्हटलं, जाता जाता चार शब्द स्वतःचे बोलून घ्यावेत. कंटाळा आला तर मला बंद करायचं बटण उजव्या अंगाला आहे. जरा जोरात दाबा, ते अलीकडं रुसलेलं असतं.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यातला. आई कोण ते विचारू नका. पट्ट्यावरून पुढं सरकताना पन्नासेक हात अंगावरून फिरले, त्यातला आईचा कुठला ते कसं कळणार? शेवटी एका मुलीनं माझ्या काचेवर फुंकर मारली, मला पुसलं आणि खोक्यात घातलं. तेवढी फुंकर लक्षात आहे. पुन्हा उजेड पाहिला तो सोलापुरात, नव्या पेठेतल्या एका दुकानाच्या काउंटरवर. बाकीची गिऱ्हाइकं कॅमेरा कसा आहे ते विचारत होती. समोरच्या बाईंनी विचारलं, "यात नकाशा नीट चालतो का?" ऐकून माझी छाती फुगली. अख्खी पृथ्वी पोटात घेऊन जन्माला आलेला मी, आणि प्रथमच कुणीतरी नेमकं तेच विचारत होतं!

त्या वैजयंतीताई. शहराच्या कडेला त्यांची लहानशी हॅचरी आहे. मशीनमध्ये गावरान कोंबडीची अंडी ठेवायची, एकवीस दिवस ऊब द्यायची आणि पिल्लं बाहेर आली की भोकाभोकाच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत भरून गावोगाव पोचवायची, असा त्यांचा उद्योग. मंद्रूपच्या बाजूच्या सव्वीस वस्त्यांवरच्या सव्वीस बायका ही त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं. त्या पिल्लं वाढवतात आणि बाजारात विकतात. दर बुधवारी त्यांतल्या पाच-सहा जणींची पाळी असते.

मला टेंपोच्या डॅशबोर्डवर बसवलं. माझ्या एका हाताला सिद्धेश्वर महाराजांचा फोटो, तो ताईंनी लावलेला. दुसऱ्या हाताला ७८६चं स्टिकर, ते शेखलालभाईंचं. शेखलालभाई म्हणजे टेंपोचे ड्रायव्हर, हॅचरी सुरू झाल्यापासूनचे. दोन देवांच्या मधे मी तिसरा सर्वज्ञ बसलो होतो, असं निदान पहिल्या दिवशी मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मला विचारलं, "सारजाबाईची वस्ती कुठंय?" मी पोट ढवळून काढलं. सारजाबाई नावाचं एक ब्युटी पार्लर दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं. वस्ती काही सापडेना. शेखलालभाईंनी माझ्याकडं बघून सुस्कारा टाकला आणि गाडी सुरू केली. अर्ध्या तासात आम्ही सारजाबाईच्या दारात होतो.

त्यांची वाट सांगायची रीतच वेगळी. डावं-उजवं, किलोमीटर असलं काही त्यांच्या तोंडी नसे. "म्हसोबाच्या फुडं जो गप्प बसल्याला म्हातारा आसतो ना, त्याच्या पाठीमागनं वळायचं," असं ते सांगत. म्हातारा घरी गेला असेल तर काय करायचं, हे मला कधी उमगलं नाही.

असा वर्षभर आमचा संसार बरा चालला. मग एका बुधवारी शेखलालभाईंनी भर रस्त्यात गाडी थांबवली, हॉर्न दिला आणि खिडकीतून हात काढून ज्वारीच्या रानातल्या माणसाला म्हणाले, "रामराम पावनं, लई दिसानं?" पाहुणे काही बोलेनात. शेखलालभाईंनी तब्येतीची चौकशी केली, पोराबाळांची केली. शेजारी ताई बसलेल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "शेखलालभाई, ते बुजगावणं आहे."

डॉक्टरांना दाखवलं, तर शेखलालभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एक डोळा बराच पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, ती जवळजवळ तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारची, आणि बजावलं की त्यानंतर महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. इथंच सगळी गोची झाली. कारण तारीख मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये अंडी गेली होती आणि ती खेप साधीसुधी नव्हती. कडक ऊन सुरू व्हायच्या आधीची ती शेवटची मोठी खेप. सव्वीसच्या सव्वीस जणींनी एकदम मागणी नोंदवलेली. ती पिल्लं फुटणार बुधवारी, म्हणजे शेखलालभाई काळा चष्मा लावून घरी पडलेले असताना. ऑपरेशन पुढं ढकलावं तर डोळ्याचा भरवसा नाही. अंड्यांना थांबा म्हणावं तर ती काही ऐकत नाहीत.

"गाडी मी चालवते," ताई म्हणाल्या. करकंबला माहेरी ट्रॅक्टर चालवलेला त्यांचा हात. "पण वाटा मला येत नाहीत. तेवढं तुमच्या डोक्यातलं या मोबाईलमध्ये उतरवायचं बघा." त्यासाठी चांगलं आणि परवडणारं नकाशाचं सॉफ्टवेअर शोधायचं ठरलं. एकवीस दिवसांत. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे बॅटरी दोन टक्क्यांनी उतरली.

पहिला प्रयोग फुकटच्या नकाशाचा. फुकट म्हटल्यावर आधी तोच. ताईंनी सव्वीस जणींना निरोप धाडला: "आपापल्या वस्तीचं लोकेशन पाठवा." आणि काय सांगू, दोन दिवसांत धडाधड उत्तरं आली! एकोणीस ठिपके माझ्या काचेवर उमटले. एकावर एक, एकावर एक, एकाच जागी. झालं होतं असं की वस्तीवर रेंज नीट नाही, म्हणून या बायका आठवडी बाजाराला मंद्रूपला आल्या की मगच फोन बघतात. निरोप बाजारात वाचला, लोकेशनही बाजारातूनच पाठवलं. कुणी मेथीच्या ढिगापाशी बसून, कुणी बांगड्या भरता भरता. चार जणींनी बँकेच्या रांगेतून पाठवलं. उरलेल्या तिघींनी दारात उभं राहून स्वतःचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हितंच."

मी इमानी. सांगितलं त्या ठिकाणी नेणं हा माझा धर्म. बुधवारी मी टेंपो मंद्रूपच्या बाजारतळावर आणला आणि अभिमानानं जाहीर केलं, "तुम्ही पोचला आहात." बाजाराचा दिवस नव्हता. तळावर दोन शेळ्या आणि एक तुटकी चप्पल होती. शेखलालभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिले. "ताई," ते फोनवर म्हणाले, "तुमचा मोबाईल शेळ्यास्नी पिल्लं इकतोय."

फुकटच्या नकाशाचा दोष नव्हता. पण त्याला एका वेळी मोजकेच थांबे झेपायचे, आणि वस्तीवरची कच्ची वाट त्याच्या लेखी नव्हतीच. एक आठवडा गेला. मशीनमधली अंडी उजेडासमोर धरून पाहिली तर आत लाल शिरा दिसायला लागल्या होत्या.

मग पुण्याहून नकाशाचं सॉफ्टवेअर विकणारे इंद्रजीतराव आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. त्यांनी आपलं सॉफ्टवेअर माझ्या पोटात भरलं आणि मला एकदम राजवाड्यात राहिल्यासारखं वाटलं. रंगीत तक्ते, गाडीचा वेग, ब्रेक किती वेळा दाबला, सगळं दिसायचं. आतून एक बाई मधाळ आवाजात सांगायची, "दोनशे मीटरनंतर उजवे वळण घ्या." मी तर तिच्या प्रेमातच पडलो होतो, खोटं कशाला बोलू?

ताईंनी विचारलं, "दर कसा?"

"गाडीमागे महिन्याचा दर आहे मॅडम. फक्त वर्षाचे पैसे आगाऊ. वीसच्या वर थांबे असतील तर थांब्यामागे थोडा जादा. आणि किमान पाच गाड्या घ्याव्या लागतात."

"माझ्याकडं एकच गाडी आहे. बाकीच्या चार गाड्या काय नकाशात चालवू?"

इंद्रजीतराव मनापासून हसले आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, खर्च असा बघू नका. एकदा हे घेतलंत की जुना ड्रायव्हर असला काय, नसला काय. उद्या कालचा शिकाऊसुद्धा गाडी नेईल."

दारात शेखलालभाई रिकाम्या पेट्या घेऊन उभे होते. त्यांनी पेट्या खाली ठेवल्या, एकावर एक नीट रचल्या आणि निघून गेले.

त्यानंतर ताई काय म्हणाल्या ते त्यांनी ऐकलंच नाही. ताई म्हणाल्या होत्या, "इंद्रजीतराव, ड्रायव्हर काढायला मी नकाशा घेत नाही. त्यांचा डोळा बरा होईस्तोवर माझं काम अडू नये, म्हणून घेतेय." मी टेबलावर होतो. मी दोन्ही ऐकलं. पण आमची जात अशी की कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचा राग आला.

तरी इंद्रजीतराव महिनाभर फुकट वापरून बघा म्हणाले होते, म्हणून पुढच्या बुधवारी मधाळ बाईंना घेऊन निघालो. मंद्रूपच्या पुढं रेंज गेली आणि बाईंची वाचाच बसली. काचेवर एक चक्र गरागरा फिरत राहिलं. रेंज थोडी आली तेव्हा बाईंनी जवळची वाट म्हणून आम्हाला थेट एका गोठ्यात नेलं. म्हशीनं माझ्याकडं पाहिलं, मी म्हशीकडं. गोठ्यातल्या आजीबाई दक्षिणेकडच्या, कानडी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बर्री, बर्री," म्हणजे या, या, आणि घोंगडं अंथरून पाणी ठेवलं. एरवी शेखलालभाई अशा वेळी हसून लोळले असते. त्या दिवशी ते हसले नाहीत. गाडी मागं घेतली आणि आपल्या मनानं वस्त्यांवर पोचवली.

आता सातच दिवस उरले. तेव्हा मदतीला आल्या ऋतुजाताई, ताईंच्या धाकट्या जाऊबाई. शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी कुठूनसं तिसरं सॉफ्टवेअर शोधून आणलं. दिसायला अगदीच गरीब. खूण म्हणून शेवाळी रंगाचा एक ठिपका, बस्स. मी नाक मुरडलं. पण ऋतुजाताई मास्तरीण. त्यांनी आधी त्याची परीक्षा घेतली. माझी रेंज बंद केली आणि बघितलं, नकाशा हलतोय का. हलला. आपण भरलेली ठिकाणं उद्या नको झाल्यावर आपल्याला परत काढून नेता येतात का ते पाहिलं. येत होती. ऐन जेवणाच्या वेळेला त्या कंपनीला फोन लावला. पलीकडं घास गिळत का होईना, माणूस बोलला. पैसे महिन्याचे महिन्याला, एका फोनचे. नको वाटलं तर पुढच्या महिन्यापासून बंद.

आणि एक गोष्ट अशी होती की ती ऐकून ताई खुर्चीतून उठल्याच. प्रत्येक ठिकाणावर आवाज भरून ठेवता येत होता. गाडी जवळ आली की तो आपोआप वाजणार.

"म्हणजे शेखलालभाईच बोलणार!" ताई म्हणाल्या.

"माझा आवाज?" शेखलालभाई म्हणाले. त्यांना आनंद झाला की भीती वाटली, ते मला त्यांच्या तोंडावरून कळेना.

शनिवारी दुपारी आणि रविवारी असं दोन दिवस, पिल्लं न घेता, आम्ही तिघं सगळ्या वस्त्या फिरलो. शेखलालभाई, ऋतुजाताई आणि मी. दर दारात थांबायचं, ठिपका टाकायचा, शेखलालभाईंनी माझ्याजवळ तोंड आणून बोलायचं. पहिला ठिपका त्यांनी हॅचरीच्या फाटकातच टाकायला लावला. "सुरुवात आपल्या घरापासनं," ते म्हणाले. सुरुवातीला ते सभेत बोलल्यासारखे बोलत. मग सैलावले. "हितं कुत्रं लई भुकतंय, पन चावत न्हाय. चावलं तर सारजाबाईला सांगा." "हितं हॉर्न देऊ नका, घरात तान्हं हाय." असं एकेक माझ्या पोटात साठत गेलं.

रविवारी दुपारी ऋतुजाताई मंद्रूपला मैत्रिणीकडं जेवायला थांबल्या. शेखलालभाई म्हणाले, "तुमी जेवा निवांत, मी टायरात हवा मारून येतो." हवा मारायचं दुकान समोर होतं. आम्ही मात्र पाच मैल लांब गेलो. कच्च्या वाटेनं, एका कोरड्या ओढ्यातून, बाभळीच्या बेटामागं. तिथं तानाबाईची वस्ती. शेखलालभाईंचं हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. वयानं थोर. ते तिला आई म्हणतात आणि ती त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

तानाबाई कपबशी घेऊन गाडीपाशीच आली. शेखलालभाईंनी चहा फुंकत सांगितलं, "आई, पंचवीस वाटा दिल्या मोबाईलला. तुजी तेवडी न्हाय दिली."

"का रं बाबा?"

"एक तर वाट माझ्यापाशी ऱ्हाऊ दे की. समद्या दिल्या तर मला कोन बोलवंल?"

"आन् माझी पिल्लं? ती काय चालत येतील व्हय?"

"फोन करतील की ताई. फोन केला की लगीच सांगतो. पन मला इचारलं पायजे." त्यांनी बशी परत दिली. "तेवडं एकदा इचारलं पायजे."

 तानाबाई म्हणाली, "मंगळवारी कॅनॉलला पानी सुटनार हाय म्हनं," आणि बशी घेऊन गेली.

मंद्रूपला परतल्यावर ऋतुजाताईंनी ठिपके मोजले. सव्वीस भरले. झालं काम, म्हणून त्यांनी समाधानानं मला बंद केलं. हॅचरीच्या फाटकातला ठिपका धरून सव्वीस होत होते, हे भूगोलाच्या मास्तरणीच्या ध्यानात आलं नाही. शेखलालभाईंनी तो पहिला ठिपका मुद्दाम टाकला की सहज, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण एक गोष्ट शेखलालभाईंनाही ठाऊक नव्हती. गाडी दिवसभर कुठं कुठं फिरली त्याची निळी रेघ हे शेवाळी सॉफ्टवेअर गुपचूप ओढून ठेवतं. तानाबाईच्या दारापर्यंतची रेघ माझ्या पोटात होती.

सोमवारी ऑपरेशन चांगलं झालं. बुधवारी पहाटे मशीन उघडलं तर आत नुसता कलकलाट. सव्वीस पेट्या भरल्या. ऊन चढायच्या आत शेवटची पेटी पोचली पाहिजे, हे ताईंनी मला दोनदा सांगितलं, जसं काही ऊन माझ्या हातात आहे. मागच्या बाजूला ओली गोणपाटं टांगली आणि ताईंनी गाडी काढली.

आणि मग काय मजा झाली! रेंज असो-नसो, दर वस्तीजवळ शेखलालभाई माझ्यातून बोलत होते. "ताई, हितं गिअर टाकून घ्या, फुडं चढ हाय." ताई खरोखर म्हणायच्या, "व्हय, टाकला." सारजाबाईनं तर टेंपोत डोकावून पाहिलं, "शेखलाल कुटं लपलाय?" मी आयुष्यात एवढा मिरवलो नव्हतो. साडेदहापर्यंत पंचवीस पेट्या उतरल्या.

शेवटची पेटी हातात घेऊन ताईंनी काचेवर बोट फिरवलं. पुढचा ठिपकाच नव्हता. पेटीवर नाव होतं तानाबाईचं. पन्नास पिल्लं आत चिवचिवत होती आणि गोणपाटं वाळायला लागली होती.

ताईंनी एक-दोन बटणं दाबली आणि निळी रेघ उघडली. रविवार, दुपार. मंद्रूपपासून ओढ्यातून बाभळीच्या बेटापर्यंत, आणि तिथं वीस मिनिटं थांबलेली. माझा जीव टांगणीला लागला. शेखलालभाईंचं गुपित माझ्याच तोंडून फुटलं होतं. आता ताई रेघ धरून निघणार, पेटी पोचवणार, आणि शेखलालभाईंना कुणी काही विचारणारच नाही.

ताई त्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिल्या. इंद्रजीतराव आले त्या दिवशी शेखलालभाई दारात रचून गेले त्या रिकाम्या पेट्या त्यांना आठवल्या असाव्यात, कारण त्या एकदम "अरेरे" म्हणाल्या. मग त्यांनी रेघ बंद केली. तिथं फोनला रेंज नव्हती. गोणपाटांवर बाटलीतलं पाणी मारलं, गाडी वळवली, अर्धा मैल मागं माळावर आणली. एक दांडी रेंज मिळाली. ताईंनी माझ्यावरूनच फोन लावला.

शेखलालभाईंच्या घरी माजिदाभाभींनी, त्यांच्या बायकोनं, उचलला. "झोपले न्हाईत वो, सकाळधरनं फोनकडंच कान हाय त्येंचा," असं म्हणून त्यांनी फोन दिला.

"शेखलालभाई, तानाबाईंची वाट कुठली हो? मला येत नाही."



"ताई, म्या ती वाट मुद्दाम..."

"ते मागनं बोलू. पिल्लं उन्हात आहेत. वाट सांगा. आणि तुमच्यावाचून जमत नाही, हे पण ऐकून ठेवा."

मग शेखलालभाईंचा आवाज मोकळा झाला. "ताई, ऐका. मी नेहमी वढ्यातनं जातो. तुमी आज वढ्यात घालू नका! काल कॅनॉलला पानी सुटलंय, त्येचं पानी वढ्यात उतरतंय. गाडी रुतंल. अलीकडं पांढरं थडगं हाय, तितनं वरच्या बांधानं जावा. जरा लांब पडंल, पन सुकं हाय."

ताईंनी सगळी वाट एकदा परत म्हणून दाखवली आणि निघाल्या. बांधावरून जाताना खाली ओढा दिसला. रविवारी धूळ उडत होती त्या जागी कमरेएवढं पाणी वाहत होतं. ताईंनी गाडी थांबवून ते पाहिलं. मीही पाहिलं. माझी रेघ त्या पाण्याच्या बरोब्बर मधून जात होती. सर्वज्ञ म्हणवून घेणारा मी! माझं ज्ञान रविवारचं होतं आणि आज बुधवार होता. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

पन्नासच्या पन्नास पिल्लं तानाबाईच्या सुपातल्या कण्यांवर तुटून पडली. ताईंनाही चहा घेतल्याशिवाय सुटका मिळाली नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. शेवाळी ठिपक्याचं सॉफ्टवेअर अजून चालू आहे. मोडनिंबहून, कुठून कुठून धंदेवाले ताईंना विचारायला येतात, कुठलं घ्यावं म्हणून. ताई नाव सांगण्याआधी विचारतात, "तुमच्या गाड्या किती? रेंज जाते का? आणि वाटा सध्या कुणाच्या डोक्यात आहेत? त्या माणसाला बरोबर बसवून मग घ्या." माझीही तुम्हाला तेवढीच विनवणी आहे. स्वस्त घ्या, महाग घ्या, पण विकणाऱ्याचं ऐकताना दारात कोण उभं आहे, तेवढं बघत जा.

माझं म्हणाल तर कोपऱ्यात काच तडकली आहे आणि बॅटरी फुगून पोट सुटलं आहे. नवा मोबाईल आलाय. काल ऋतुजाताईंनी माझ्यातलं सगळं त्याच्यात भरलं. रविवारची ती निळी रेघ काही तिकडं गेली नाही. ती माझ्याबरोबर खणात येईल. ठिपके मात्र मोजून गेले. या वेळी त्यांनी फाटकातला ठिपका सोडून मोजले, आणि तरी सव्वीस भरले.

कारण महिना संपल्यावर शेखलालभाई पुन्हा गाडीवर आले, तेव्हा पहिल्याच बुधवारी ते तानाबाईच्या दारात थांबले. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी कुणी नव्हतंही. नव्या डोळ्यानं त्यांनी माझ्यावरची अक्षरं बघितली, ठिपका टाकला आणि तोंड जवळ आणून बोलले. ते माझ्यातलं शेवटचं भरलेलं बोलणं. काल नव्या मोबाईलनं ते म्हणून दाखवलं, तेव्हा मी टेबलावर पडून ऐकत होतो:

"हितं तानाबाई. च्या घेतल्याबिगार सोडत न्हाय, येळ काडून या. आन् पानी सुटलं आसंल तर फुडं जाऊ नका. आदी मला इचारा."